टँकर नको म्हणणारा माणूस

फोन आला तेव्हा माझ्यासमोर उंदराच्या मांडीचा स्नायू होता. हे वाक्य भडक वाटेल याची मला कल्पना आहे. पण घडलं ते तसंच, आणि मी जे शिक्षण घेतलं त्यात घडलं तसं नोंदवण्याला पर्याय नसतो. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत सकाळचे साडेआठ झाले होते. बर्फावरच्या काचेच्या बशीत तो इवलासा तुकडा, शेजारी मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. पलीकडून महेबूबचाचा बोलत होते. अहमदपूरच्या पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर त्यांनी आणि माझ्या वडिलांनी जवळजवळ सगळी नोकरी जोडीनं काढली होती. चाचा एरवी फोनवर ओरडतात, जणू अहमदपूरहून नांदेडपर्यंत आवाज त्यांनी स्वतःच्या जोरावर पोचवायचा आहे. त्या दिवशी ते हळू बोलले. "बेटी, घर कू आती क्या जरा?... जल्दी नक्को कर. आराम से आ." त्यांनी घाई करू नको म्हटलं, तिथंच मला कळलं. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तुकड्याचं वजन वहीत लिहिलं, बशी शीतपेटीत ठेवली, आणि मग बसस्थानक गाठलं. त्या सकाळी मी ते वजन लिहिलं, ही गोष्ट मला अजून समजावता आलेली नाही.

त्याला आता सात आठवडे झाले. माझ्या वडिलांना, म्हणजे पप्पांना, तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर दिगांबर मिस्त्री म्हणून ओळखत. मी त्यांची एकुलती एक. मी दहावीत असताना आई गेली, त्यानंतर अहमदपूरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहिलो, आणि पुढं मी शिकायला नांदेडला आले तेव्हा त्या दोन खोल्यांत ते एकटे आणि इथल्या एका खोलीत मी एकटी. मधल्या रस्त्यावर एस्टीनं दोन तास लागतात. एवढं अंतर फार नाही, असं आम्ही दोघंही एकमेकांना सांगत असू.

लातूर हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला, तेव्हा नव्या कार्यालयांना माणसं हवी होती. त्या भरतीत पप्पा लागले. "जिल्हा अन् मी एकाच सालचे," असं ते अभिमानानं सांगायचे, आणि जिल्ह्याचं काही चुकलं की आपल्याच भावाचं चुकल्यासारखे वरमायचे. नवा जिल्हा म्हणजे नव्या पाट्या, नवे शिक्के, आणि पहिल्याच काही वर्षांत पडलेले कोरडे उन्हाळे. त्या काळात गावोगाव बोअर घेतली जात होती, हापसे बसत होते, आणि बसले तसे बिघडतही होते. हापसा दुरुस्त करणं हे बसून करायचं काम नाही. जमिनीखाली दीड-दोनशे फूट गेलेले लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायचे, उकिडवं बसून पान्यानं सोडवायचे, तळाच्या नळकांड्यातलं झिजलेलं चामड्याचं वॉशर काढून नवं घालायचं, आणि सगळी माळ पुन्हा खाली सोडायची. भर उन्हात, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. पप्पांचं शरीर या कामानं घडवलेलं होतं. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसलं की पाटावर बसल्यासारखं वाटे. मी तक्रार केली की ते म्हणत, "गादी पायजे तर तहसीलदाराच्या घरी जन्म घ्यायचा व्हता, बाई."

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना साखर निघाली. आमच्याकडं मधुमेह कुणाला होत नाही, साखर निघते. विहिरीला खारं पाणी निघावं तशी. मी त्याच सुमारास ठरवलं होतं की पीएच.डी. करायची आणि मधुमेहात स्नायूंचं काय होतं त्यावर करायची. वडिलांच्या आजारामुळं हा विषय घेतला, असं लोक कौतुकानं म्हणतात. खरं म्हणजे विषय आधी ठरला होता, मार्गदर्शकांनी होकार दिला होता, आणि तो विषय मला मोठ्या संस्थांपर्यंत नेईल असा माझा हिशेब होता. पप्पांची साखर नंतर निघाली. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सांगते.

सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यांनी मला समोर बसवून घेतलं. नवीन यंत्राचा कागद वाचायला द्यावा तशी रक्ताची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "म्हंजी नेमकं बिघडतंय काय?" मी माझ्या परीनं सांगितलं. जेवणानंतर रक्तात साखर येते, तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिन स्नायूच्या पेशीला निरोप देतं, निरोप पोचला की पेशीच्या आत दडलेली काही प्रथिनं वर येऊन दारं उघडतात, साखर आत जाते. मधुमेहात निरोप असतो, पण तो आतपर्यंत पोचत नाही. दारं उघडत नाहीत. पप्पांनी डोळे बारीक करून ऐकलं.

"म्हंजी माय, पाणी हाय, पण वॉशर धरंना गेलंय. दांडा कितीबी हाणा, पाणी पाइपातच खाली सटकायलंय."

"हो, जवळजवळ तसंच."

"मंग वॉशर बदला की!"

"माणसाचं वॉशर बदलता येत नाही, पप्पा."

"मंग येवढी वर्सं शिकायलीस कशाला?"

मी हसले. पण नांदेडला परत आल्यावर मार्गदर्शकांना ही तुलना सांगितली, आणि पुढं दोन चर्चासत्रांत मी ती वापरली. कुणाची आहे ते सांगितलं नाही.

चार वर्षं गोळ्यांवर निभावलं. मग डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुचवली. त्या वेळी मी मुद्दाम अहमदपूरला गेले आणि त्यांना समजावलं, की सुरुवातीला वॉशर झिजलेलं असतं हे खरं, पण काही जणांत पुढं बोअरचंच पाणी आटतं, शरीर इन्सुलिन पुरेसं तयार करत नाही. मग ते बाहेरून द्यावं लागतं.

ते म्हणाले, "टँकर."

"टँकरच म्हणा."

"न्हाई माय. टँकर लागलं की गाव ग्येलं."

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. हापशाच्या मेकॅनिकसाठी टँकर म्हणजे हार. गावाला टँकर मंजूर झाला की त्या गावचा हापसा कागदावर मेला. मग तो दुरुस्त करायला कुणी गाडी पाठवत नाही, सुटे भाग देत नाही. दांडा निघून जातो, चबुतऱ्यावर पोरं खेळतात. टँकर लागलेलं गाव पुन्हा स्वतःच्या पाण्यावर आलेलं पप्पांनी फार क्वचित पाहिलं होतं. त्यामुळं सुईला ते वेदनेपायी घाबरत नव्हते. आपल्या नावापुढं कुणीतरी तो शेरा मारेल, याला घाबरत होते.

मला निघायची घाई होती. दुसऱ्या दिवशी माझं सादरीकरण होतं. मी घासाघीस केली. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एक तपासणी असते. मी म्हटलं, "ती सरासरी सातच्या आत ठेवा. मग मी डॉक्टरांशी बोलते, सुई लांबवू."

"सातच्या आत ठिवलं तर टँकर न्हाई?"

"नाही."

"लिहून दे."

"बाँडपेपर आणू का?"

"आण. तुम्हा साहेब लोकांचा भरवसा न्हाई." आणि ते खदखदून हसले. तेव्हापासून ते मला फोनवर साहेबच म्हणू लागले.

पहिल्या वेळी आकडा आठच्या जवळ होता. पुढच्या वेळी सात पूर्णांक दोन. त्यानंतर तो सातच्या खाली उतरला आणि तिथंच राहिला. दर तीन महिन्यांनी फोन यायचा: "सा पॉइंट चार, साहेब!" मी म्हणायचे, "पास!" आणि आम्ही दोघं खूश. बाकी आम्ही काय बोलायचो? आठवून पाहते, तर फारसं काही सापडत नाही. पाणी कितव्या दिवशी आलं, चाचांचा गुडघा कसा आहे, तुझा प्रबंध कुठवर आला. माझं उत्तर ठरलेलं असे, "चाललंय." एकदा त्यांनी विचारलं, "तिथं तुला बोलायला कुणी हाय का?" मी म्हटलं, "कामच एवढं असतं, पप्पा, बोलायला वेळ कुणाला आहे." ते म्हणाले, "हाव, माझंबी तसंच." तेव्हा ते निवृत्त झाले होते. त्यांना काहीच काम नव्हतं.

शेवटची भेट उन्हाळ्यातल्या एका रविवारी झाली. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच उन्हाळा. मी पोचले तेव्हा पप्पा दारात उभे होते. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता, ढगळ. "कळलं का? पाणी रेल्वेत बसून यायलंय, अन् माणसं एस्टीत उभी," त्यांनी मला आत येऊ देण्याआधीच ऐकवलं. ते बारीक झाले होते. मी ते पाहिलं, आणि मी म्हणाले, "वा, वजन चांगलं उतरलंय." त्यांचा चेहरा शाबासकी मिळालेल्या पोरासारखा फुलला. त्यांनी स्वतः ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, मला ताट वाढलं, आणि स्वतः मेथीच्या पाण्याचा पेला घेऊन समोर बसले. मी विचारलं तर म्हणाले, "मी मघाच जेवलो. म्हाताऱ्याला लवकर भूक लागती." लोणच्याची बरणी त्यांच्याकडून उघडेना. त्यांनी ती मांडीत धरून दोनदा जोर लावला, मग माझ्याकडं सरकवली, "बघ बरं, तुमच्या सायन्सनं उघडती का." माझ्या हातून ती एका झटक्यात उघडली. दोनशे फुटांचे पाइप वर ओढणारा माणूस... मी त्यावर काहीतरी थट्टा केली. जमिनीवरून उठताना त्यांनी एक हात फरशीला टेकवला, दुसरा भिंतीला, आणि मधेच थांबून पुन्हा जोर केला. मी म्हटलं, "गुडघे एकदा दाखवायला हवेत." ते म्हणाले, "दाखवू." माझी परतीची गाडी तीनची होती.

त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत मधुमेही उंदरांच्या मांडीच्या स्नायूंची तुलना करत होते. त्यांतली तंतूंना पीळ देणारी प्रथिनं कमी होत जातात, ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीतल्या भट्ट्या मंदावतात, चरबीचे थेंब तंतूंच्या मधे साठतात, काही प्रथिनांना साखरच चिकटून बसते आणि ती निकामी होतात. या सगळ्याचं माप माझ्या वहीत होतं. पप्पांच्या मांडीला मी हातही लावून पाहिला नव्हता.

आता त्या सकाळचं. मी घरी पोचले तेव्हा चाचा पायरीवर बसले होते. त्यांनी मला आत जाऊन पाहू दिलं, मग बाहेर बोलावलं आणि सगळं क्रमानं सांगितलं. दर तीन महिन्यांप्रमाणं ते दोघं रक्त द्यायला गेले होते, चाचांच्या लुनावर. रांगेत उभं असताना पप्पांना दरदरून घाम फुटला. "हात ऐसे थरथर कापायले थे. मै बोला, भाई, बैठो. बोले, नंबर जाएगा." मग ते भिंतीला टेकून खाली घसरले. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. कागदावर कारण लिहिलं आहे: साखर फार खाली गेली, हृदय थांबलं.

"खाली गेली?" मी चाचांना विचारलं. "काल काय जेवले होते?"

चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "टेस्ट के दो दिन पहले से उनो कुछ खातेच नै थे, बेटी. बाकी दिन भी एकच भाकरी, आधी सुबह, आधी शाम. गोली मगर बरोबर टायम पे."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"कसम डाले थे मेरे कू. और मेरे कू क्या समझता? मै भी रोजे रखता, तंदुरुस्ती अच्छी रहती बोलते. मै बोला, भाई का भी रोजाच समझो." ते रडू लागले, तोंड वळवून.

मी रडले नाही. मी त्याही क्षणी साखळी जोडत होते. दोन दिवसांच्या उपासानं तीन महिन्यांची सरासरी फारशी हलत नाही, आकडा उतरवला होता तो रोजच्या एका भाकरीनं. गोळी पोटात अन्न आहे की नाही हे पाहत नाही, ती साखर खाली दाबतच राहते. उपाशी माणसाला अशा वेळी यकृत वाचवतं, ते नवी साखर बनवतं. आणि त्या साखरेचा बराचसा कच्चा माल स्नायूंतल्या प्रथिनांतून येतो. स्नायू हे नुसतं ओझं उचलायचं साधन नाही, ते शरीराचं बळद आहे, धान्याचं कोठार. इन्सुलिनचं एक काम साखर आत नेण्याचं आणि दुसरं, कमी बोललं जाणारं, या बळदाचं दार राखायचं. पप्पांचं इन्सुलिन आटत आलं होतं, म्हणजे राखणदार नव्हता. अन्न नव्हतं, म्हणजे नवी भर नव्हती. महिनोन् महिने शरीर स्नायू काढून खात राहिलं, आणि माझ्याकडं येणारा आकडा दर वेळी सुंदर होत गेला. त्या सकाळी यकृतानं हात घातला तेव्हा बळदात फारसं काही शिल्लक नसावं. हे अनुमान आहे, मोजमाप नाही. मोजमाप करणारी जी होती, ती नांदेडला होती.

चाचांनी मग एक जुनी गोष्ट सांगितली. पप्पांनी ती मला कधीच सांगितली नव्हती. जिल्हा नवा झाल्यानंतरच्या एका कोरड्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका वाडीनं टँकर मागितला होता. साहेब हापसा तपासायला येणार होते. हापशानं ठरावीक वेळ सलग पाणी दिलं तर टँकर नाही, असा नियम. पप्पा तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे, वाडीचा हापसा त्यांनीच बसवलेला, आणि आपला हापसा मेला हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी आदल्या दिवशी सकाळीच दांडा साखळीनं बांधून टाकला. दिवस-रात्र विसावा मिळाल्यावर बोअरमध्ये पाणी जमतं, हे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर हापसा धो-धो वाहिला. साहेबांनी पप्पांची पाठ थोपटली. टँकर नामंजूर झाला. आठवड्यानं पप्पा तिथून जात होते तर बाया नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून घागरी आणताना भेटल्या, दोन कोसांवरून. त्यांतली एक थांबून म्हणाली, "मिस्त्री, साहेब आल्यावर पाणी देणारा हापसा आमच्या काय कामाचा? त्या साहेबालाच पाठवत जा की रोज."

"उस दिन से भाई बदल गए," चाचा म्हणाले. त्यानंतर तपासणीला कुणीही आलं की पप्पा स्वतः दांड्याला लागत आणि पाणी तुटेपर्यंत हापसत राहत. पाण्याऐवजी हवा येऊ लागली की बाजूला होऊन म्हणत, "आता बघा साहेब, हे खरं." वरिष्ठांचा राग ओढवून त्यांनी किती गावांना टँकर मिळवून दिले, हे चाचांनी नावानिशी सांगितलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. ती युक्ती काय करते, तिची किंमत कोण भरतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गावाच्या बाबतीत त्यांनी ती पुन्हा कधी केली नाही. स्वतःच्या बाबतीत केली, दर तीन महिन्यांनी, आणि या खेपेला तपासायला येणारा साहेब मी होते. मी पाणी पाहिलं, पाठ थोपटली, आणि तीनच्या गाडीनं निघून गेले.

सातव्या दिवशी जलदानाचा विधी झाला. बौद्धाचार्यांनी गाथा म्हणत वाटीत पाण्याची धार धरली, वाटी भरून खालच्या ताटात वाहू लागली, आणि बसलेल्या सगळ्यांचे डोळे त्या वाहणाऱ्या पाण्यावर खिळले. नळाला अकरा दिवस पाणी आलेलं नव्हतं. भोकरहून माझी आत्या आली होती, पप्पांची धाकटी बहीण. तिनं आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, डबे उघडले, आणि सगळ्यांसमोर बाहेर येऊन माझ्यापुढं उभी राहिली. "पिठाचा डबा तसाच हाय. दाळीला किडे झालेत. दोन म्हैने झाले, शेराची दाळ सरंना ग्येली. नाव सुजाता ठिवलंय तुझं, अन् बाप उपाशी ग्येला!" आमच्या घरांत सुजाता कोण हे लहान लेकरालाही माहीत असतं: उपासानं हाडांचा सापळा झालेल्या तपस्व्यासमोर जिनं खिरीचं पात्र ठेवलं, ती. विधान बरोबर होतं. थोड्या वेळानं आत्याच माझ्याजवळ येऊन टेकली, माझा दंड चाचपून म्हणाली, "तूबी काय खातीस का न्हाई गं? दोघंबी सारखेच मेले." आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली.

मी परत कामाला लागले आहे. लोक विचारतात की विषय बदलावासा वाटत नाही का. नाही वाटत. उलट, माझ्या अभ्यासाच्या पुढच्या भागात मधुमेही माणसं मापं द्यायला येतात, तेव्हा रक्त घेण्याआधी मी त्यांना हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावते आणि मांडीचा घेर फितीनं मोजते. मार्गदर्शकांनी विचारलं, हे मूळ आराखड्यात होतं का? नव्हतं. ते असायला हवं होतं, असं मी लेखी दिलं. एवढ्यानं काही भरून निघत नाही हे मला कळतं. मी एका माणसाला एक आकडा दिला आणि त्या आकड्याच्या बदल्यात त्याची सगळी सोबत केल्याचं समाधान मिळवलं. तो एकटा होता, त्याला माझा फोन हवा होता, आणि फोनवर आनंदाचं बोलणं फक्त आकडा चांगला आला तरच व्हायचं. या वाक्याला संदर्भसूची नाही. पण माझ्या सगळ्या निष्कर्षांत याच्याविषयी माझी खात्री सर्वांत जास्त आहे.

खोल्या रिकाम्या करताना आत्यानं कपडे वाटून टाकले. पॅंटमधला कातडी पट्टा मात्र तिनं ओढून काढला आणि माझ्याकडं टाकला, "हे बघ काय करून ठिवलंय." पट्ट्याला मूळची पाच छिद्रं होती. त्यांच्यापुढं आतल्या बाजूला आणखी सहा, पप्पांनी पाडलेली. वॉशरच्या चामड्याला भोक पाडायचा त्यांचा एक पोकळ छिन्नीसारखा ठोकणा होता. त्याच्याच मापाची, कडा स्वच्छ, एका रेषेत, सारख्या अंतरावर. मी सवयीनं पट्टी लावली. त्या सहांतल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत साडेअकरा सेंटीमीटर. जुन्या छिद्रांच्या कडा मळलेल्या, ताणलेल्या. शेवटचं कोरं, कातड्याचा आतला फिका रंग अजून दिसतो. माझ्या प्रबंधात इतका स्पष्ट आलेख एकही नाही, आणि हा सदऱ्याच्या खाली, माझ्यापासून हातभर अंतरावर, भाकरी वाढत होता. मी तो पट्टा कमरेला लावून पाहिला. मी पंचेचाळीस किलोची मुलगी आहे. शेवटचं छिद्र मला बरोबर बसलं.

आता तो नांदेडच्या माझ्या खोलीत दारामागच्या खिळ्याला असतो. संध्याकाळी मी आत येऊन दार लोटते तेव्हा त्याचं बक्कल लाकडावर एकदा वाजतं, आणि मग खोलीत दुसरा कुठलाच आवाज नसतो. पूर्वी अशा वेळी मी चहा-बिस्किटांवर भागवून पुन्हा वाचायला बसायचे. आता कुकर लावते. एकटीसाठी वरण शिजवायचा कंटाळा येतो, डाळ कितीही कमी घेतली तरी उरतेच, तरी लावते. भाकरी मला पप्पांसारखी जमत नाही, कडेला चिरते. ताट पूर्ण वाढून घेते, संपवते, उठताना हात टेकत नाही. विचारणारं कुणी नाही, फोन यायचा नाही. तरी ताट धुवून पालथं घालताना मी मोठ्यानं सांगते, "जेवले मी, पप्पा."

आणि ते खरं असतं.